उद्याचा ताप

समान चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारपासूनच आत्या मोजकं बोलायची. मैफलीच्या आधी गाणारी माणसं आवाज जपतात, तसा ती जपायची. संध्याकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची, शाळेचा फोन समोर घ्यायची आणि एकेका घरी ताप पोचवायची.

“नमस्कार, शाळेच्या ऑफिसातून बोलतेय. आपला छोटा बरा आहे ना? नाही, आज वर्गात जरा मलूल दिसला म्हणे. हवाच अशी आहे. उद्या घरीच विश्रांती द्या. छे छे, चाचणीचं काय एवढं? तब्येत आधी!”

एवढं झालं, की दुसऱ्या दिवशी ते मूल अंथरुणात. ठणठणीत, पण अंथरुणात. नुसत्या बोलण्याने ताप उतरवणारे वैद्य पूर्वी होते म्हणतात. नुसत्या बोलण्याने ताप चढवणारी मात्र आत्या एकटीच.

समान चाचणी म्हणजे देशभरातल्या मुलांना एकाच सकाळी एकाच मापाचा बूट घालायचा, आणि ज्या पायाला चावेल तो पाय चुकीचा ठरवायचा. मुलांनी गोल रंगवायचे, यंत्राने ते तपासायचे, त्यातून प्रत्येक शाळेची सरासरी निघायची आणि सरासरीप्रमाणे शाळांना तारे मिळायचे, हॉटेलांना मिळतात तसे. हॉटेलात निदान उशांचे अभ्रे तरी बदलतात. गैरहजर मुलं मात्र सरासरीत धरत नसत. परीक्षा मंडळातल्या कुणा दयाळू माणसाने आजारी मुलांसाठी ही सवलत ठेवली होती. शाळांनी ती वाचली आणि आजारी मुलांची सोय केली.

आत्याचे वडील, म्हणजे गुरुजी, यांनी शाळा काढली तेव्हा दारावर नुसती घंटा होती. आता घंटेच्या वर पिवळ्या रंगात पाच तारे होते. मधल्या काळात गुरुजी गेले, आत्याचा भाऊ मुख्याध्यापक झाला आणि घरातसुद्धा सगळे त्याला हेडसर म्हणू लागले. मग सुतारकामाची खोली गेली, तिथे सराव कक्ष झाला. गाण्याच्या बाई गेल्या, त्यांच्या तासाला सराव आला. चित्रकलेचा तास गेला, त्या जागी गोल रंगवण्याचा तास आला. गोलाबाहेर शाई गेली तर यंत्र रागावतं, हे मुलं पहिलीतच शिकली. त्यामुळे चित्रकला अगदीच बंद पडली असं कुणाला म्हणता येणार नाही.

यंदा हेडसरांनी आत्याला नेहमीसारखी ऑफिसात नावं न सांगता वर बोलावलं. वर म्हणजे शाळेच्याच इमारतीत, वर्गांच्या डोक्यावरचं त्यांचं घर. आत्या फोन घेऊन जिना चढली, तेव्हा बैठकीच्या खोलीत सगळी मंडळी आधीच जमली होती. हेडसर त्यांच्या खुर्चीत. शेजारी त्यांची बायको, म्हणजे आत्याची भावजय. सोफ्यावर त्यांचा डेंटिस्ट मुलगा, दवाखाना लवकर बंद करून आलेला. त्याच्यापासून जरा जास्तच लांब त्याची बायको, जी खालीच चौथीच्या वर्गाला शिकवत होती. आणि खिडकीत, हातात बिस्किटांची बशी घेऊन, सगळ्यांत धाकटा भाऊ, ज्याला गावभर क्लासवाला म्हणत. शाळेत जे शिकवायचं राहतं ते तो संध्याकाळी फी घेऊन शिकवायचा. शाळेत बरंच राहतं, हे त्याचं भाग्य.

एवढी माणसं एकदम आणि टीव्ही चालू नाही, म्हणजे कुणीतरी गेलंय किंवा कुणाचं तरी लग्न मोडलंय, असं आत्याला वाटलं.

“बसा ताई,” हेडसर म्हणाले. सख्खा भाऊ बहिणीला ‘बसा’ म्हणतो तेव्हा बसण्याआधी खुर्ची तपासावी. आत्या उभीच राहिली.

“नावं सांगा, मी फोन करते. अंधार पडल्यावर लोक घाबरतात फोन वाजला की.”

“चौथीतलीच आहेत यंदा. बसमेकॅनिकचा मुलगा.”

“तो ठरलेलाच. पुढे?”

“पार्लरवालीची थोरली. रात्रपाळीच्या नर्सचा तो गप्प मुलगा.” हेडसरांनी चहाच्या कपात पाहिलं. चहा संपलेला होता, तरी पाहिलं. “आणि...”

“आणि?”

“आणि टिटवी,” सून म्हणाली. “सांगा ना बाबा. सराव चाचणीत वर्गात सगळ्यांत खाली तीच आहे. पेपर मीच तपासलेत.”

टिटवी म्हणजे सुनेची आणि डेंटिस्टची मुलगी, हेडसरांची एकुलती एक नात. एकदा ‘पण का?’ म्हणून सुरू झाली की थांबत नाही म्हणून टिटवी. आतल्या खोलीत ती खुर्च्या उलट्या करून काहीतरी बांधत होती. लाकडाचे आवाज येत होते.

आत्याने फोन या हातातून त्या हातात घेतला. इतकी वर्षं ताप या घराच्या जिन्याखालीच थांबत आला होता.

“माझ्या नातीला?” भावजयीचा आवाज चढला. “तापवाल्यांच्यात? अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? उद्या दारात उभ्या राहणाऱ्या बायका काय म्हणतील? हेडसरांचीच नात मठ्ठ!”

“मठ्ठ नाहीये ती,” डेंटिस्ट म्हणाला.

“मी कुठे म्हणतेय? लोक म्हणतील.”

“वहिनी, भावना बाजूला ठेवा,” क्लासवाला बिस्किट मोडत म्हणाला. “ही सरासरी आहे. एक पोरगी, पण सबंध वर्ग खाली ओढते. मी म्हणालो होतो की नाही, माझ्याकडे पाठवा म्हणून? माझं साधं तत्त्व आहे. प्रश्न वाचायचा नाही, पर्याय वाचायचे. येत नसेल तर तिसरा रंगवायचा. अडला हरी, ‘क’ धरी.”

“काका, तिला येतं,” सून म्हणाली. “हाच तर घोळ आहे.”

“येतं तर मग गुण कुठे गेले?”

“सांगू? प्रश्न होता, ‘वेगळा शब्द ओळखा. बस, होडी, घोडा, रस्ता.’ तिने चारही गोल रंगवले.”

“चार?” हेडसरांनी डोळे मिटले. दाढदुखी असल्यासारखे. शेजारी डेंटिस्ट असूनही काही उपयोग नव्हता.

“मी विचारलं, का गं? तर म्हणाली, रस्ता वेगळा, कारण तो कुठेच जात नाही. घोडा वेगळा, कारण त्याला स्वतःचं घर माहीत असतं. होडी वेगळी, कारण तिला वाट कोणी आखून दिलेली नसते. आणि बस वेगळी, कारण तिच्यातच फक्त अनोळखी माणसाच्या मांडीवर झोपता येतं.”

खिडकीत बिस्किट मोडायचं थांबलं. क्लासवाल्याने मनातल्या मनात चारही पडताळून पाहिले असावेत, कारण तो म्हणाला, “घोड्याचं बरोबर आहे.”

“उत्तर काय होतं?” आत्याने विचारलं.

“रस्ता.”

“मग एक तर बरोबर आलंच की.”

“चार रंगवले की यंत्र शून्य देतं, आत्या. आणि दुसऱ्या प्रश्नात चित्र होतं, मुलगी रडतेय, का रडतेय? फुगा फुटला, आई रागावली, पाऊस आला की खाऊ पडला? हिने एकही गोल रंगवला नाही. शेजारी लिहिलं, ‘तिचे बूट उलटे आहेत.’ मी चित्र पाहिलं. खरंच उलटे होते. काढणाऱ्याने डावा-उजवा चुकवला होता. मागच्या चाचणीला सबंध देशात तो पेपर गेला आणि त्या पोरीचा पाय कुठे दुखतोय ते हिला एकटीला दिसलं. यंत्र समास वाचत नाही. शून्य.”

“पाहिलंत का?” भावजय नवऱ्याकडे वळली. “हुशार आहे ती. मी म्हणत नव्हते?”

“हुशार आहे हे कोण नाकारतंय?” हेडसर म्हणाले. “हुशारीला गोल नाहीये.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनाच ते ऐकू आलं. ते घाईने पुढे बोलू लागले.

“तुम्हाला सगळ्यांना वाटतं मला हे आवडतं. पाच तारे कायम राहिले तर आदर्श शाळा म्हणून मंजुरी मिळते. एक जरी गेला तर मंडळाचं सुधारणा पथक येऊन बसतं. पुलापलीकडच्या शाळेत बसलं होतं. वर्षात शाळेला कुलूप लागलं, मुलं तीन ठिकाणी वाटली, मास्तर घरी. आज तिथे फर्निचरचं गोदाम आहे. गुरुजींनी शाळा काढली, फार मोठं काम केलं. ती टिकवली कुणी? सुतारखोली मी बंद केली म्हणून माझ्याशी वर्षभर कुणी धड बोललं नाही या घरात. पण छप्पर आहे ना डोक्यावर? त्या बसमेकॅनिकच्या पोराला बाकीचे दिवस शाळा मिळते ना? एक दिवस घरी बसला तर काय आभाळ कोसळतं?”

  पुलापलीकडे सुधारणा पथक आत्याने पाहिलं होतं. त्यातली माणसं ऑफिसात येऊन कपाटांची लांबी-रुंदी मोजत.

“तसं बघायला गेलं तर,” डेंटिस्ट घसा साफ करत म्हणाला, “एका दिवसाचाच प्रश्न आहे. दाढ काढताना पेशंट असाच घाबरतो. पण मिनिटाचं काम असतं.”

“आणि नंतर तिथे काय राहतं?” सुनेने विचारलं.

“काय म्हणजे?”

“भोक.”

डेंटिस्टने आईकडे पाहिलं. आईने बशीकडे पाहिलं. आघाड्या अशाच बनतात आणि मोडतात. घरात त्याला मतदान लागत नाही. भावजय म्हणाली, “मग असं करू या का? ताप नको. आम्ही माझ्या बहिणीकडे जातो म्हणून सांगू. तिला बाहेरगावी नेते मी. हिला डोकं नाही असं कुणी म्हणायला नको आणि सरासरीही राहील.”

“उत्तम!” क्लासवाला म्हणाला.

“हा मध्यममार्ग झाला,” डेंटिस्ट म्हणाला.

“म्हणजे आपल्या पोरीला प्रवास,” सून म्हणाली, “आणि नर्सच्या पोराला ताप. बरोबर आहे. ताप आपल्याकडे चांगला दिसत नाही.”

“तू वर्गशिक्षिका म्हणून बोलतेयस की तिची आई म्हणून?” हेडसरांनी विचारलं.

“आई म्हणून. आणि आई आहे तर मला रीतसर फोन यायला हवा.” ती आत्याकडे वळली. “आत्या, करा.”

“काय करू?”

“फोन. बाकीच्या आयांना करता तसा. मीही पालक आहे. फी भरते.”

“अगं, समोर तर बसलीयस!”

“मग काय झालं? तुमचा आवाज ऐकायचाय मला. सगळा गाव म्हणतो, आत्यांचा फोन आला की बरं वाटतं.”

ती उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. क्लासवाला हसला, मग कुणीच हसत नाही हे पाहून त्याने ते हसणं बिस्किटासकट गिळलं.

“करा ताई,” हेडसर थकून म्हणाले. “एकदाचं होऊन जाऊ दे.”

आत्याने नंबर लावला. भिंतीपाशी सुनेचा फोन वाजला. सुनेने दोनदा वाजू दिला, कामात असणाऱ्या बाईसारखा, आणि मग उचलला.

“हॅलो?”

“नमस्कार,” आत्या म्हणाली. आवाज आपोआप गोड झाला. त्याला वर्षानुवर्षांची सवय होती. मालकिणीला विचारायची त्याला गरज नव्हती. “शाळेच्या ऑफिसातून बोलतेय. आपली छोटी बरी आहे ना?”

“हो, बरी आहे की.”

आत्या अडखळली. इथे पालक नेहमी म्हणत, ‘का हो, काय झालं?’ आणि गाडी पुढे जायची.

“नाही, आज वर्गात जरा मलूल दिसली म्हणे.”

“कोण म्हणे?”

“वर्गशिक्षिका.”

“मी तर नाही म्हणाले.”

हेडसर खुर्चीत वळले. आत्याने फोन कानाशी घट्ट धरला.

“हवाच तशी आहे,” ती म्हणाली. “उद्या विश्रांती द्या घरी.”

“तिला काय सांगू?”

“सांगा की... थोडा ताप आहे.”

“ती हात लावून बघेल कपाळाला. म्हणेल, नाहीये. मग काय सांगू? तुम्ही सुचवा ना काहीतरी, तुम्हाला अनुभव आहे. बाकीच्या आया काय सांगतात?”

आत्याला माहीत नव्हतं. एवढे फोन झाले, पण ताप सांगून फोन ठेवल्यावर त्या घरात पुढे काय होतं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. लोक ‘बरं मॅडम’ म्हणत, कुणी ‘थँक्यू मॅडम’ म्हणत. पार्लरवाली तर एकदा म्हणाली होती, ‘तुम्हीच एवढी काळजी करता हो.’ तेव्हा आत्याला बरं वाटलं होतं.

“आत्या? आहात ना लाइनवर?”

आतल्या खोलीचं दार उघडलं. टिटवी आली. दोन्ही हात धुळीने भरलेले, केसांत सुतळीचा तुकडा. तिने भिंतीकडे तोंड करून बोलणाऱ्या आईकडे पाहिलं, मग फोन घेऊन उभ्या असलेल्या आत्याकडे. दोन्हीकडचं बोलणं जोडायला तिला वेळ लागला नाही.

“आत्याआजी, मला ताप येणारे का उद्या?”

“कुणी सांगितलं तुला?” हेडसर म्हणाले.

“सगळ्यांना माहितीये आजोबा. तो बसमेकॅनिकचा मुलगा आहे ना, त्याला दरवर्षी येतो. तो म्हणतो, संध्याकाळी घरी फोन वाजला की समजायचं. मग त्याचे बाबा त्याला सकाळी गॅरेजमध्ये नेतात, आणि तो तिकडे गाडीखाली झोपून राहतो. म्हणजे झोपत नाही, नटबोल्ट लावतो. कुठल्या बसचा कुठला नट ते त्याला न बघता कळतं.” तिला पुढे ‘पण का’ आठवलं. “पण का? आम्ही आलो तर काय मोडतं?”

आत्याने हेडसरांकडे पाहिलं. उत्तर देण्याची पाळी खरं तर त्यांची होती. ते कपाळ चोळत होते.

फोन अजून चालू होता. भिंतीपाशी सून पाठमोरीच होती, आणि उत्तरासाठी फोन कानाशी दाबून बसली होती. इतका वेळ ती गंमत करत नव्हती, हे आत्याला आत्ता दिसलं.

“बाई,” आत्या फोनमध्ये म्हणाली. आवाज तोच होता, गोड, पण खाली कुठेतरी खडा लागलेला. “ऐका. उद्या मुलीला पाठवा. वेळेवर. चारही गोल रंगवायचे असतील तर रंगवू दे.”

“ताई!” हेडसर उठले.

“कुणाची मुलगी सरासरी बिघडवते, कुणाचा मुलगा बिघडवतो, ते शाळेनं बघावं. तुम्ही पोळी का भाकरी, डबा काय द्यायचा ते बघा. ठेवते.”

तिने फोन बंद केला. सुनेनेही केला, आणि तशीच भिंतीकडे बघत बसून राहिली.

“हा काय तमाशा आहे?” हेडसर म्हणाले. “ठीक आहे. टिटवी बसेल. एकीने फार तर अर्धा तारा जाईल. बाकीच्या तिघांचे फोन करा आता.”

“करते की.”

आत्याने बसमेकॅनिकचा नंबर लावला. तो तिला पाठ होता, दरवर्षी लागायचा. पलीकडे घणाचे आवाज होते, मग ते थांबले.

“हां मॅडम,” पलीकडचा माणूस म्हणाला. त्याने विचारलंसुद्धा नाही. “कळलं. नेतो त्याला माझ्याबरोबर.”

“नको. शाळेत पाठवा.”

“अं?”

“उद्या चाचणी आहे. पाठवा त्याला.”

पलीकडे कुणीतरी गाडीचं इंजिन बंद केलं. मग, “मॅडम, नंबर चुकला का तुमचा? मी मेकॅनिक बोलतोय.”

“तुम्हालाच केलाय.”

“तो मागे पडतो मॅडम लिहिण्यात. तुम्हाला माहितीये.”

“माहितीये. पाठवा.”

हेडसर पुढे आले, हात लांब केला. “द्या तो फोन. द्या म्हणतो. ही शाळा आहे, तुमचं माहेर नाही.”

“दोन्ही आहे,” आत्या म्हणाली. “बापाने तशीच बांधली होती.”

“ताई, तू नीट विचार कर,” क्लासवाला खिडकीतून उतरला. “हेडसर चुकीचं नाही बोलत. पथक आलं तर माझेही विद्यार्थी जातील.”

“तुला कसली काळजी? शाळा पडली की तुझा क्लास वाढेल.”

क्लासवाल्याने यावर विचार केला. तो विचार त्याच्या चेहऱ्यावर इतका स्वच्छ दिसला की भावजयीने बशी त्याच्या हातातून काढून घेतली.

हेडसर फोनपर्यंत पोचले असते. पण भावजय मध्ये उभी राहिली, बशी घेऊन. तिला शाळा, पथक, सरासरी यातलं काही पटलं होतं असं नाही. बहिणीकडे जायचा बेतही तिला अजून बरा वाटत होता. पण नातीने विचारलेल्या प्रश्नाला नवऱ्याकडे उत्तर नाही, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि उत्तर नसताना हात लांब करणारा नवरा तिला मुळीच आवडला नाही.

“अहो, बसा,” ती म्हणाली. “चक्कर येईल.”

“मला चक्कर नाही आलेली!”

“येईल. हवाच तशी आहे.”

डेंटिस्ट हसला. मोठ्याने, तोंड उघडून. घरातल्यांनी त्याचे दात बहुतेक पहिल्यांदाच पाहिले. मग तो उठून बायकोशेजारी जाऊन बसला.  तेवढं पुरेसं नव्हतं, पण तिने जागा दिली.

नर्सचा फोन लगेच उचलला गेला; ती ड्यूटीला निघत होती. पार्लरवाली रडली. का रडली ते तिला सांगता आलं नाही, आत्याला विचारता आलं नाही. प्रत्येक फोनला आत्याला नवीन वाक्य शोधावं लागत होतं. जुन्या वाक्यांची इतकी सवय झाली होती, की खरं बोलताना ती अडखळत होती. ‘तब्येत आधी’ दोनदा तोंडापर्यंत आलं आणि तिने परतवून लावलं.

“तारे जातील,” हेडसर खुर्चीतूनच म्हणाले. ओरडण्याचा जोर संपला होता. “दारावरचे.”

“जाऊ दे. थिनर आहे कपाटात. पुसू.”

“आणि पथक आलं तर?”

“आलं तर येऊ दे. कपाटांची मापं घ्यायची त्यांना सवयच आहे. या वेळी मुलांची घ्या म्हणावं.”

टिटवी इतका वेळ आत्याच्या शेजारी उभी होती. “म्हणजे काय मोडतं ते कुणी सांगितलंच नाही,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. लाकडाचे आवाज पुन्हा सुरू झाले.

सकाळी आत्या शाळेत आली तेव्हा सभागृहात बाकं मांडून झाली होती. प्रत्येक बाकावर चिकटवलेली चिठ्ठी आणि टोक काढलेली पेन्सिल. मंडळाचा माणूस दारापाशी टेबल टाकून बसला होता. आत्याने एक फेरी मारली. तापवाल्यांच्या नावाची चिठ्ठी एकाही बाकावर नव्हती. बाकं नेहमीच्या हिशेबाने मांडली होती. रात्रीत ते कुणी बदललं नव्हतं, किंवा बदलायचं नाही असं कुणीतरी ठरवलं होतं.

जास्तीची बाकं सराव कक्षात होती आणि सराव कक्षाला कुलूप होतं. किल्ली हेडसरांकडे. हेडसर सभागृहाच्या दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे.

आत्याने किल्ली मागितली नाही. ती ऑफिसात गेली, स्वतःच्या टेबलावरचा फोन खाली जमिनीवर ठेवला, कॅलेंडर, टाचण्यांची डबी, कप, सगळं खाली ठेवलं आणि टेबल ओढायला लागली. ते गुरुजींच्या काळातलं होतं, सुतारखोलीत मुलांनी बनवलेलं. हत्तीसारखं जड आणि एका पायाने लंगडं. सून वर्गातून धावत आली आणि तिने दुसरं टोक धरलं. मग शिपाई आला. मग, कुणाच्याही कल्पनेबाहेर, डेंटिस्ट आला, पांढरा कोट घालूनच. टेबल व्हरांड्यातून करकरत निघालं. एका टेबलाशी चार मुलं सहज बसतात; गुरुजींनी मुलांना टेबलं करायला लावली ती चौघांच्या मापाची.

फाटकातून बसमेकॅनिक आत आला. मुलाचे केस पाण्याने चापून बसवलेले, नखांतलं ग्रीस मात्र निघालं नव्हतं. मागे पार्लरवालीची थोरली, आणि नर्सचा गप्प मुलगा, एकटाच, कारण आई अजून ड्यूटीवर होती. टिटवी त्यांच्यात जाऊन उभी राहिली, अगदी ठरल्यासारखी.

मेकॅनिकने आत्याला बाजूला घेतलं. तो हळू बोलत होता, पण त्याला हळू बोलायची सवय नव्हती. सगळ्यांना ऐकू आलं.

“मॅडम, एक विचारू? नापास झाला तर?”

“या परीक्षेत मुलं नापास होत नाहीत हो,” आत्या म्हणाली. “शाळा होते.”

“मग शाळा झाली तर?”

“होऊ दे की. इतकी वर्षं तुमच्या मुलाला घरी बसवून पास होत होती.”

मेकॅनिकने दारातल्या हेडसरांकडे पाहिलं. मग टोपी काढली, पुन्हा घातली, आणि टेबलाचा एक पाय उचलायला खाली वाकला, कारण टेबल उंबऱ्यापाशी अडलं होतं.

मंडळाच्या माणसाने मान वर केली. “सर, ही टेबलाची व्यवस्था आपल्या परवानगीने आहे ना?”

 हेडसर दाराच्या बरोबर मध्ये उभे होते आणि त्यांच्यासमोर टेबल, टेबलाला धरून त्यांचा मुलगा, सून, शिपाई, मेकॅनिक, आणि टेबलामागे चार मुलं. पलीकडे आधीच बसलेला सगळा वर्ग पेन्सिली खाली ठेवून वळून पाहत होता.

आत्या टेबलाच्या पुढच्या टोकाला होती. तिला धाप लागली होती आणि आज आवाज जपायचं काही कारण उरलं नव्हतं.

“सरक रे बाळ्या,” ती भावाला म्हणाली. “मुलं आत जाऊ देत.”

हेडसर सरकले.